ससा शिंकतोय, नाक वाहतंय: घरातलं सिरप द्यावं का?

प्रश्न थोडक्यात असा: अडीच वर्षांचा नर ससा आठ दिवसांपासून शिंकतोय. आधी नाकातून पाणी यायचं, आता पांढरट आणि घट्ट येतंय. खाणं थोडं कमी झालंय, पण थांबलेलं नाही. घरात लहान मुलासाठी आणलेलं ॲमॉक्सिसिलिनचं सिरप शिल्लक आहे. वजनाच्या हिशेबाने त्यातलं थोडं दिलं तर चालेल का? आणि सोबत राहणाऱ्या मादीला वेगळं करायचं का?

सिरप देऊ नका. बाकीचं उत्तर दोन बैठकींत वाचलंत तरी हरकत नाही, पण ती बाटली आधी बाजूला ठेवा. ॲमॉक्सिसिलिन, ॲम्पिसिलिन, क्लिंडामायसिन, लिंकोमायसिन ही औषधं सशाला तोंडाने कधीच द्यायची नसतात. सशाचं बरंचसं पचन आतड्यातल्या जंतूंच्या जिवावर चालतं. मोठ्या आतड्याच्या सुरुवातीला एक भलीमोठी पिशवी असते, तिच्यात हे जंतू गवत आंबवतात. वरची औषधं पोटात गेली की हे उपयोगी जंतू मरतात, त्यांची जागा क्लॉस्ट्रिडियम जातीचे जंतू घेतात आणि विष तयार करतात. मग पातळ जुलाब लागतात, कान गार पडतात आणि अनेकदा काही दिवसांत ससा जातो. मात्रा कमी केली म्हणून हा धोका टळत नाही. पेनिसिलिनच्या काही प्रकारांचं इंजेक्शन कातडीखाली दिलं तर मात्र सशाला सहसा चालतं आणि आम्ही पशुवैद्य ते वापरतोही. तुमच्या डॉक्टरांनी असं इंजेक्शन दिलं तर घाबरू नका, पण ‘रोज यायला जमत नाही, गोळी द्या’ असा आग्रहही धरू नका.

एखादा डोस आधीच दिला गेला असेल तर तो डॉक्टरांपासून लपवू नका. जुलाब सुरू व्हायची वाट न पाहता त्याच दिवशी फोन करा. कोणी रागावेल या भीतीने लोक ही गोष्ट शेवटपर्यंत सांगत नाहीत आणि आमचा सगळा वेळ भलत्याच दिशेला जातो.

आता ‘सर्दी’ या शब्दाविषयी. तुमच्या मूळ पत्रात तो तीनदा आलाय आणि मला खरी काळजी त्याचीच वाटते. माणसाची सर्दी विषाणूंची असते, आठवडाभरात आपली आपण ओसरते, म्हणून आपण वाट पाहायला शिकलोय. सशाच्या नाकातून आठ दिवस घट्ट, पांढरा शेंबूड येत असेल तर तो बहुतेक वेळा जिवाणूंचा संसर्ग असतो आणि वाट पाहून तो ओसरत नाही, पुढे सरकतो. नाकातून डोळ्याच्या अश्रुनलिकेत जातो, घशामागच्या नळीतून मधल्या कानात जातो (मग सशाची मान एका बाजूला कलते), कधी खाली फुप्फुसात उतरतो.

यातला नेहमीचा जंतू पास्चुरेला मल्टोसिडा. लुई पाश्चर यांनी 1880च्या सुमारास कोंबड्यांच्या कॉलऱ्यावर जे काम केलं तो जंतू हाच, आणि त्याचं नावही त्यांच्यावरूनच पडलं. बोर्डेटेला, स्टॅफिलोकॉकस, स्यूडोमोनास हेही सापडतात. अनेक धडधाकट सशांच्या नाकात पास्चुरेला आधीपासूनच असतो आणि वर्षानुवर्षं काही करत नाही. जागा बदलली, प्रवास झाला, नवा ससा घरात आला, उकाडा वाढला, दात दुखायला लागला, की तो डोकं वर काढतो. म्हणून ‘हा बाहेर कुठे गेलाच नाही, मग संसर्ग आला कुठून’ या प्रश्नाला फारसा अर्थ नाही.

ससा नाकाने श्वास घेणारा प्राणी आहे. आपणही नाकानेच घेतो, पण नाक चोंदलं की तोंड उघडतो. सशाच्या श्वासनलिकेवरचं झाकण मऊ टाळूच्या वरच्या बाजूला टेकलेलं असतं, त्यामुळे त्याची हवेची वाट सरळ नाकाला जोडलेली असते. त्याला तोंडाने श्वास घेणं फार कष्टाचं जातं. ज्या सशाने तोंड उघडून श्वास घ्यायला सुरुवात केली, त्याच्याजवळचे बाकीचे सगळे उपाय संपलेले असतात. त्यात त्याची छाती पोटाच्या मानाने अगदी लहान, म्हणजे हाताशी राखीव असं फार थोडं. शिवाय चोंदलेल्या नाकाला वास येत नाही, वास नाही तर अन्नात रस नाही, आणि चावतानाही श्वास नाकानेच घ्यायचा असतो. म्हणून नाकाचा आजार बघता बघता पोटाचा होतो. ‘खाणं थोडं कमी झालंय’ हे तुम्ही जाता जाता लिहिलंय, माझ्या दृष्टीने तुमच्या पत्रातली ती सर्वांत महत्त्वाची ओळ आहे.

घरी काय पाहायचं ते सांगते. ससा हा शिकार होणारा प्राणी आहे, दुखणं लपवणं त्याच्या रक्तात आहे. तुम्ही जवळ गेलात की तो नीट बसतो, कान उभे करतो. तेव्हा पाच-सात फुटांवर शांत बसा आणि त्याला तुमचा विसर पडू द्या. मग कुशीकडे पाहा, नाकाकडे नको. नाकाचं ते फुरफुर हलणं म्हणजे श्वास नव्हे. पुष्कळ जण तेच मोजतात आणि ‘मिनिटाला शंभर’ म्हणून घाबरून फोन करतात. बरगड्यांमागची कूस किती वेळा वर-खाली होते ते तीस सेकंद मोजा आणि दुप्पट करा. निवांत सशात मिनिटाला साधारण 30 ते 60 येतात. उन्हातून किंवा धावून आला असेल तर जास्त येतील, म्हणून निवांत असतानाचेच मोजा. आकडा एकदा घेऊन भागत नाही, रोज एकाच वेळी घेऊन लिहून ठेवा. आकड्याइतकीच श्वासाची तऱ्हा महत्त्वाची. पोट भात्यासारखं चालतंय का? प्रत्येक श्वासाला डोकं किंचित वर उचललं जातंय का? नाकपुड्या फुगून राहिल्यात का?

दुसरी जागा म्हणजे पुढचे पंजे. ससा नाक पुसतो ते पंजांच्या आतल्या बाजूने. नाक स्वच्छ दिसत असतं, कारण त्याने ते नुकतंच पुसलेलं असतं. त्याला मांडीजवळ जमिनीवरच बसवा, एक पंजा हळूच उचला आणि अंगठ्याकडची बाजू पाहा. निरोगी पंजावर केस मऊ आणि मोकळे असतात. आजारी सशाचे केस एकमेकांना चिकटून बारीक टोकं झालेले असतात, मुळाशी पिवळसर वाळकी पापडी असते आणि बोटाला खरखरीत लागतं. तपासायला आलेल्या सशाचं नाक बघण्याआधी मी पंजे बघते.

शिंक म्हटली की आजारच असं मात्र समजू नका. गवताच्या धुळीने, पाणी पिताना नाकात थेंब गेल्याने, अंग चाटून झाल्यावर ससे एखाद-दुसरी शिंक देतात. लागोपाठ शिंका, रोज शिंका, शिंकेबरोबर पांढरं-पिवळं काही बाहेर येणं, झोपेत घोरल्यासारखा आवाज, डोळ्यांतून सतत पाणी, हे असेल तर दाखवायला हवं. तुमचा ससा या गटात आहे: एक-दोन दिवसांत डॉक्टर, पण मध्यरात्री धावपळ नको.

धावपळ कधी करायची? तोंड उघडून श्वास. मान ताणून, नाक आकाशाकडे, कोपरं अंगापासून लांब ठेवून बसणं आणि आडवं व्हायला तयार नसणं. ओठ किंवा हिरड्या निळसर-राखाडी. दहा-बारा तासांत काहीच खाल्लं नाही किंवा लेंड्याच नाहीत. अंग ढिलं पडणं. यातलं एकही असेल तर रात्र असो वा सुट्टी, लगेच निघायचं, आणि निघताना फोन करून ‘श्वास लागलेला ससा घेऊन येतोय, ऑक्सिजन तयार ठेवा’ असं स्पष्ट सांगायचं. गाडीत त्याला कडेवर घेऊ नका, पेटीत ठेवा. तळाशी न घसरणारा टॉवेल, झाकणावर पातळ कापड, गारवा आणि शांतता. घट्ट गुंडाळू नका. वाटेत तोंडात पाणी, औषध, अन्न काहीही घालू नका, कारण धापा टाकणाऱ्या सशाच्या तोंडातलं सहज फुप्फुसात जातं.

आणि त्याला पाठीवर झोपवू नका. उताणा केलेला ससा शांत पडतो, म्हणून ही युक्ती खूप जण वापरतात. ती शांतता भीतीने आलेली असते, आणि पोटाचा सगळा भार छाती-पोटामधल्या पडद्यावरून छातीवर येतो. व्यवसायाच्या सुरुवातीच्या काळात माझ्याकडे श्वास लागलेला एक पांढरा ससा आला होता. निदानाची मला घाई होती. छातीचा एक्स-रे लगेच हवा म्हणून मी त्याला टेबलावर उताणा केला. तो माझ्या हातातच गेला. त्या दिवसापासून श्वास लागलेला कुठलाही ससा माझ्याकडे आधी ऑक्सिजनच्या पेटीत वीस-तीस मिनिटं बसतो आणि तोवर मी फक्त बघते. तुमच्या डॉक्टरांनी असं केलं तर ते वेळ घालवतायत असं समजू नका.

उन्हाळ्याविषयी एक. सशाला घाम येत नाही, तो बहुतेक उष्णता कानांवाटे बाहेर टाकतो. उष्माघातातही श्वास असाच जोरात चालतो, पण कान तापलेले आणि लालसर असतात, नाक-तोंड ओलं होतं, ससा पसरून पडतो. तेव्हा गार जागी न्या, कानांना साध्या गार पाण्याचा हात लावा (बर्फ नको) आणि डॉक्टरांकडे निघा.

प्रत्येक वाहतं नाक पास्चुरेलाचं नसतं, हेही लक्षात ठेवा. एकाच नाकपुडीतून येत असेल तर मला आधी दोन शंका येतात: आत काहीतरी अडकलंय, नाहीतर दाताचं मूळ. एका सशिणीला दोन महिने अँटिबायोटिक्स चालू होती. औषध असेपर्यंत बरी, थांबलं की पुन्हा उजवी नाकपुडी ओली. भूल देऊन बारीक दुर्बीण आत घातली तर शेंबडात मुरून काळी पडलेली बोटाच्या पेराएवढी गवताची काडी निघाली. चौथ्या दिवशी ती बरी होती. दातांचं थोडं वेगळं. सशाचे दात जन्मभर वाढतात, आणि वरच्या दातांची मुळं अश्रुनलिकेला आणि नाकाच्या पोकळीला अगदी खेटून असतात. मुळं मागे सरकली की नलिका दबते, डोळ्यातून पांढरं घट्ट येतं, नाकही वाहतं. अशा सशाला कितीही औषध द्या, दात पाहिल्याशिवाय आजार हलत नाही. म्हणून नाकासाठी आणलेल्या सशाच्या दाढाही पाहिल्या पाहिजेत.

नाक अगदी कोरडं आणि श्वास मात्र जोरात, असं असेल तर विचार छातीचा करायचा: न्यूमोनिया, हृदय, गाठ. गर्भाशय न काढलेल्या, वय वाढलेल्या मादीत गर्भाशयाचा कर्करोग बराच आढळतो आणि तो फुप्फुसात पसरतो. घरच्यांना पहिलं दिसतं ते ‘हल्ली लवकर दमते’ एवढंच. छातीत हृदयापुढे गाठ असेल तर दोन्ही डोळे बाहेर आल्यासारखे दिसतात, डोकं खाली घातल्यावर जास्तच. आणि सशांचा रक्तस्रावी विषाणूरोग वेगळाच: चांगला दिसणारा ससा अचानक दगावतो, कधी नाकातून रक्त आलेलं असतं. त्यावर उपचार जवळपास नाही, लस आहे. तुमच्या भागात ती मिळत असेल तर हा ससा बरा झाल्यावर जरूर विचारा.

डॉक्टर निवडताना सरळ विचारा, ‘तुम्ही ससे नेहमी पाहता का?’ कुत्र्या-मांजरांचे उत्तम डॉक्टरही सशाच्या बाबतीत चुकू शकतात, कारण औषधांचे नियमच निराळे. श्वास स्थिर असेल तर नाकात खोलवरून स्वॅब घेऊन कल्चर करणं (जंतू वाढवून ओळखणं) मला गरजेचं वाटतं. नाकाच्या तोंडावरून पुसून घेतलेला स्वॅब बाहेरचे जंतू दाखवतो, आजाराचे नाही. डोक्याचा आणि छातीचा एक्स-रे, आजार जुना असेल तर शक्य तिथे सीटी स्कॅन. सशात साधारण एन्रोफ्लॉक्सासिन, ट्रायमेथोप्रिम-सल्फा अशी औषधं दिली जातात, आणि ती बहुधा काही आठवडे चालतात. पाचव्या दिवशी नाक कोरडं झालं म्हणून औषध सोडलेले ससे महिनाभरात परत येतात आणि तेव्हा जंतू त्याच औषधाला दाद देईलच असं नसतं. स्टेरॉइड सुचवलं गेलं तर ‘सशाला हे नक्की हवं आहे का?’ असं विचारायला संकोच करू नका. ससे त्याला फार संवेदनशील असतात, अंगातला दबलेला संसर्ग उसळू शकतो.

एक गोष्ट आताच सांगून ठेवते, नंतर धक्का बसू नये म्हणून. सशाचा पू पातळ नसतो, टूथपेस्टसारखा घट्ट असतो, आणि नाकातल्या नाजूक पडद्यांच्या घड्यांत तो बसला की औषध तिथवर पुरेसं पोचत नाही. लवकर उपचार मिळालेले ससे बहुतेकदा पूर्ण बरे होतात. महिनोन्‌महिने राहिलेल्या आजारात कधी कधी ध्येय बदलावं लागतं: नाक पूर्ण कोरडं होणार नाही, पण तो खाईल, खेळेल, चांगला जगेल. असे ससे मी वर्षानुवर्षं सांभाळले आहेत आणि त्यांच्या माणसांनी हार मानली नाही याचा मला आदर वाटतो.

घरी तुम्ही करायचं ते पुष्कळ आहे. नाकावरची पापडी कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसाने मऊ करून पुसा, ओरबाडू नका, नंतर कोरडं करा. डॉक्टर हो म्हणाले तर साध्या सलाइनचं नेब्युलायझर दिवसातून दोन-तीनदा दहा-पंधरा मिनिटं द्या. ससा पेटीत, पेटीवर पातळ टॉवेल, एक बाजू थोडी उघडी, आणि तुम्ही समोर बसलेले. बेचैन झाला तर लगेच थांबा. गरम पाण्याची वाफ देऊ नका, सशाला भाजतं आणि उष्णताही सहन होत नाही. बाम, कापूर, मेंथॉल, सुगंधी तेलं, माणसांची सर्दीची औषधं, यांतलं काहीही नको. आंघोळही नको.

मग त्याच्या उंचीवर जा. खरंच, गुडघे टेका आणि तुमचं नाक लघवीच्या ट्रेपाशी न्या. उभं राहून जिथे काही वास येत नाही तिथे खाली डोळे चुरचुरतात. तो अमोनिया आहे, आणि ससा तो चोवीस तास हुंगतो. नाकातले जंतू बाहेर लोटणारे बारीक केस अमोनियाने लुळे पडतात. ट्रे रोज बदला, खोलीत हवा खेळती ठेवा पण झोत अंगावर नको. देवदार-पाइनचा वासाचा भुसा काढून कागदी बेडिंग घाला. गवत बाहेर झटकून मग द्या. त्या खोलीत सिगारेट, अत्तर, स्प्रे बंद.

खाण्यासाठी: वास तीव्र असलेल्या हिरव्या पानांपासून सुरुवात करा, पानं ओली ठेवा, पाणी बाटलीऐवजी वाडग्यात द्या. चोंदलेल्या नाकाने नळी चोखणं जड जातं. गवत सतत समोर असू द्या. रोज सकाळी स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करून ग्रॅममध्ये लिहा आणि लेंड्या पाहा: लहान, कमी, वेड्यावाकड्या होत असतील तर त्याच दिवशी कळवा. सिरिंजने भरवायची वेळ आली तर आधी डॉक्टरांकडून प्रत्यक्ष शिकून घ्या. पुढच्या दातांमागून, बाजूने, अगदी थोडं, आणि तो चावून गिळेपर्यंत थांबायचं. श्वास जड असताना भरवायचंच नाही.

आता मादीचं. आठ दिवस दोघं एकाच ट्रेमध्ये, एकमेकांचं तोंड चाटत राहिलेत. जो जंतू यायचा तो तिच्यापर्यंत आलेला आहे. जोडीतले ससे वेगळे केले की दोघंही खाणं सोडू शकतात, आणि आत्ता आपल्याला तेच नकोय. म्हणून मी सहसा वेगळं करायला सांगत नाही. ती त्याला त्रास देत असेल किंवा कोण किती खातंय हे कळत नसेल तर मध्ये जाळी ठेवा, म्हणजे एकमेकांशेजारी झोपता येतं. डॉक्टरांकडे नेताना तिलाही न्या, तिचाही श्वास आणि पंजे तपासून घ्या. घरात गिनीपिग असतील तर मात्र वेगळी खोली, कारण सशाच्या नाकातला बोर्डेटेला सशाला काही करत नाही तेव्हाही गिनीपिगचा जीव घेऊ शकतो. पुढे कधी नवा ससा आणलात तर त्याला महिनाभर स्वतंत्र ठेवा, आणि काम करताना आधी जुन्यांचं, मग नव्याचं. माणसांना यातून सहसा काही होत नाही. हात धुवा, चावा-ओरखडा साबणाने धुऊन घ्या आणि तो सुजला तर स्वतःच्या डॉक्टरांना दाखवा.

उद्या जाण्याआधी दोन व्हिडिओ काढून घ्या: एक निवांत असताना कुशीचा, एक शिंकतानाचा. दवाखान्यात घाबरलेला ससा यातलं काहीच दाखवत नाही. औषध सुरू झाल्यावर पाच-सहा दिवसांनी पंजे पुन्हा पाहा. वाहणारं नाक एखाद्या दिवशी कोरडं भासेल, दुसऱ्या दिवशी ओलं. पण पंजांच्या आतल्या बाजूचे केस सुटे व्हायला लागले असतील आणि वजन टिकून असेल तर औषध लागू पडतंय असं धरा. पंजे तसेच चिकट राहिले तर ठरलेल्या तारखेची वाट न पाहता फोन करा.